प्रत उघडून बघितलासा काय?

लिनक्स कोल्हापुरात पहिल्यांदा कोणी आणलं, यावर आमच्याकडचे दोघं अजून भांडतात. एक म्हणतो, पुण्याहून सीडी मी आणली. दुसरा म्हणतो, सीडी तू आणली असशील, पण मशीनवर चालू करून मी दाखवलं. दोघंही आता मोठ्या पदांवर आहेत, आणि कुठल्याही समारंभात माइक हातात आला की हा विषय निघतोच. शैलजा कमते हे नाव त्यात कोणी घेत नाही. त्या दोघांना ते कदाचित आठवतही नसेल. मला आठवतं, तरी मी इतकी वर्षं घेतलं नाही.

शहराबाहेरच्या एका खाजगी तंत्रनिकेतनात मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. घरात संगणक असणं म्हणजे मिरवण्याची गोष्ट होती, आणि बहुतेकांना त्यावर दिसणाऱ्या विंडोजच्या पलीकडे काही असतं हे ठाऊकही नव्हतं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, कोणालाही फुकट वापरता येणारी प्रणाली. आमच्या संगणक प्रयोगशाळेत शैलजा कमते सहायक होत्या. पद सहायकाचं, म्हणजे मशीन पुसायची, रजिस्टर भरायचं, प्राध्यापक म्हणतील ते लावून ठेवायचं. माहेर निपाणीकडचं, आई कन्नड बोलणारी. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून सगळे त्यांना शैलाक्का म्हणायचे. लग्न केलेलं नव्हतं. शाहूपुरीत एका गुळाच्या गोदामामागं दोन खोल्यांत आईला घेऊन राहायच्या. त्यांच्या साड्यांना काकवीचा वास यायचा, आणि त्यावरून स्टाफरूममध्ये पाचकळ विनोद व्हायचे. मी ते ऐकून हसलेलो आहे.

बुटक्या, काटक, कपाळावर कायम एक आठी. आमच्याकडच्या बऱ्याच बायका बोलतात तशा त्याही स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलायच्या. ‘मी आलो’, ‘मी बघितलो’. आवाज मोठा. गोड बोलणं जमायचं नाही आणि जमवायची इच्छाही नव्हती. ‘बहुतेक’ या शब्दाचा त्यांना विलक्षण राग होता. एकदा एका प्राध्यापकानं विद्यार्थ्यांसमोर सांगितलं, “बहुतेक सेव्ह झालं असेल.” शैलाक्का खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाल्या, “बहुतेक म्हंजे न्हाय झालं.” तो प्राध्यापक पुढं त्यांच्याशी वर्षभर बोलला नाही. त्यांना ते कळलंही नसावं.

लिनक्स शैलाक्का एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून स्वतः शिकल्या होत्या. कोणी शिकवलं नव्हतं. प्रयोगशाळेतलं मोडीत निघालेलं एक मशीन त्यांनी मागून घेतलं आणि त्यावर ते बसवलं, मोडलं, पुन्हा बसवलं. किती वेळा, असं मी एकदा विचारलं. “वही बघा की,” म्हणाल्या. वहीत प्रत्येक वेळेची नोंद होती. काय केलं, काय बिघडलं, का बिघडलं. एक्केचाळीस नोंदी होत्या. शेवटच्या पाचांसमोर ‘वही न बघता झालं’ असं लिहिलेलं होतं.

माझी त्यांच्याशी खरी ओळख माझ्याच संगणकामुळं झाली. माझ्या एम.ई.च्या प्रबंधाचं सगळं काम घरच्या मशीनवर होतं. लिनक्सचं वारं नुकतंच लागलेलं, म्हणून एका शनिवारी मी संगणकाचं कॅबिनेट आणि मॉनिटर रिक्षात घालून प्रयोगशाळेत आणलं आणि टेबलावर ठेवत म्हणालो, “अक्का, याच्यावर लिनक्स टाकून द्या. विंडोजही राहू दे.”

त्यांनी वायर जोडली नाही. खुर्ची ओढली, पेन्सिल घेतली.

“आत काय काय हाय?”

मी सांगितलं.

“त्याची दुसरी प्रत कुठं हाय?”

मी पिशवीतून सात फ्लॉपी काढून दाखवल्या. जरा अभिमानानंच. मला वाटलं होतं त्या खूश होतील.

“प्रत उघडून बघितलासा काय?”

“उघडून कशाला बघायची? कॉपी केल्या आहेत मी.”

“मग ती प्रत न्हाय. नुसती फ्लॉपी हाय.”

मला राग आला. मी प्राध्यापक, त्या सहायक. मी म्हणालो, मला तासाला जायचंय, आटपा. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि कॅबिनेट माझ्याकडं सरकवलं. “घाई असंल तर पुढच्या शनवारी या, सर.”

शेवटी त्यांच्यासमोर बसून सातही फ्लॉपी उघडून बघितल्या. पाच उघडल्या. दोन नाही. त्या दोनांत प्रबंधाचं चौथं प्रकरण होतं, आठ महिन्यांच्या मोजमापांचं. शैलाक्कांनी विजयाचा चेहरासुद्धा केला नाही. नव्या दोन फ्लॉपी माझ्यापुढं ठेवल्या आणि मी कॉपी करून, उघडून, शेवटच्या ओळीपर्यंत खाली जाऊन दाखवेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.

मग कामाला लागल्या. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना बघितलं, म्हणजे खरं बघितलं. कागदावर एक लांब पट्टी काढली. “ही तुमची डिस्क. ह्ये शेत समजा. आत्ता सगळं शेत एकाच्या नावावर हाय. आपण मधी बांध घालणार. पण त्याआधी ह्या बाजूचं सगळं सामान त्या बाजूला सरकवायला पायजे, न्हायतर बांध सामानावर पडतोय.” पट्टीच्या प्रत्येक तुकड्याखाली तो कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते आकडे पडद्यावरून वाचून लिहिले, मग माझ्याकडून पुन्हा वाचून घेतले. मॉनिटरच्या मागं जाऊन त्याच्यावरचे आकडेही उतरवले, कारण चुकीचे घातले तर मॉनिटर जळतो म्हणे. वीज कंपनीचं भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर होतं, ते बघितलं. मधेच वीज गेली तर बांध अर्धाच राहतो. एवढं सगळं झाल्यावर सीडी आत गेली. आणि मग प्रत्येक पडद्यावर त्या थांबायच्या आणि म्हणायच्या, “काय लिव्हलंय? मोठ्यानं वाचा.” मी वाचायचो. “म्हंजे काय?” मी सांगायचो. “मग दाबा.” बटण त्यांनी एकदाही दाबलं नाही. सगळं माझ्याकडूनच करून घेतलं. जाताना तो पट्टीचा कागद माझ्या हातात दिला. “ह्यो जपा. डिस्कपेक्षा ह्यो जपा.”

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत किती जणांना त्यांनी असं बसवून दिलं, याचा हिशेब मला माहीत नाही. शनिवारी दुपारनंतर प्रयोगशाळेच्या दाराशी लोक कॅबिनेट घेऊन बसलेले असायचे. विद्यार्थी असायचे, एखादा बँकेतला, एखादी शिक्षिका. निम्म्यांना त्या परत पाठवायच्या. एका डॉक्टरांना सरळ सांगितलं, “तुमचं छापायचं मशीन ह्याच्यावर चालणार न्हाय. पोरगा सांगतोय म्हणून बसवू नका. आहे त्ये बरं हाय.” डॉक्टर दुखावले. पोरगा तर फारच. लिनक्सचा प्रसार करायला निघालेल्या आमच्या मंडळींना हे अजिबात आवडायचं नाही. आलेल्या माणसाला परत पाठवायचं म्हणजे काय? शैलाक्कांना प्रसार वगैरे कळत नव्हतं. समोरचं मशीन आणि त्याच्या मालकाचं तोंड एवढंच त्या बघायच्या.

मग लिनक्सचा एक मेळावा झाला. शाहूपुरीतल्या एका सभागृहात, रविवारी. ‘मोफत बसवून मिळेल’ असे फलक लागले होते. पुण्याहून चार उत्साही तरुण अभियंते आले होते. शैलाक्कांना दारात बसवलं, नावं लिहून घ्यायला. त्यांनी टेबलावर एक मॉनिटर मागवून घेतला आणि नावांबरोबर आपले तीन प्रश्न विचारायला, प्रत्येकाचं मशीन जोडून पट्ट्या काढायला सुरुवात केली. अर्ध्या तासात रांग जिन्यापर्यंत गेली. पुण्याच्या एका तरुणानं येऊन हसत सांगितलं, “मॅडम, एवढं नका विचारू. लोक घाबरतील. तुम्ही चहाचं बघा ना.” आणि रांगेतली माणसं सरळ आत घ्यायला सांगितली.

त्यांत इचलकरंजीचे नेजे म्हणून एक गृहस्थ होते. पन्नाशीचे. यंत्रमागावरच्या साड्यांच्या काठांची डिझाइनं संगणकावर काढायचे आणि कारखान्यांना द्यायचे. कॅबिनेट गोधडीत गुंडाळून एसटीनं आणलेलं. शैलाक्कांनी त्यांची पट्टी तेवढी काढून घेतली होती. प्रत आहे काय विचारल्यावर ते म्हणाले होते, “न्हाय बाई.” त्यावर “मग आज बसवू नका” असं त्या म्हणेपर्यंत कोणीतरी नेज्यांना आत नेलं.

मी आतच होतो. पुण्याचा तो तरुण नेज्यांच्या मशीनवर बसला होता, बोलत बोलत, भराभर. पडद्यावर विचारणा आली, संपूर्ण डिस्क वापरायची का. त्याचं बोट खाली आलं. मागून शैलाक्का आल्या होत्या. त्यांनी पडदा वाचला आणि भिंतीतून वायर ओढून काढली.

तरुण म्हणाला, “हे काय केलं तुम्ही?”

“तुम्ही काय केलासा, त्ये आधी बघा.”

बांध पुसले गेले होते. सामान अजून जागेवर होतं, पण कुठलं कुठं सुरू होतं हे मशीनला कळेनासं झालं होतं. अजून दोन मिनिटं वायर तशीच राहिली असती तर वरून नवं लिहिलं गेलं असतं. नेज्यांना एवढंच कळलं की काहीतरी गेलं. ते टेबलाची कड धरून उभे राहिले. “बाई, दोन वर्सं हायत त्यात.”

“हात लावू नका कुणी,” शैलाक्का म्हणाल्या. पिशवीतून स्वतःची फ्लॉपी काढली, मशीन तिच्यावरून सुरू केलं, दारातल्या टेबलावरून नेज्यांची पट्टी आणली आणि त्यावरचे आकडे एकेक करून पुन्हा भरले. प्रत्येक आकडा नेज्यांना वाचायला लावला. वीस मिनिटांनी मशीन परत सुरू झालं आणि काठांची चित्रं उघडली. मोर, कोयऱ्या, रुद्राक्ष. नेजे खुर्चीत बसले आणि रडले. शैलाक्का म्हणाल्या, “आता घरी जावा. पयल्यांदा ह्याच्या प्रती करा. लिनक्सचं नंतर बघू.”

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी आली. मेळावा यशस्वी, पुण्याच्या अभियंत्यांचं मार्गदर्शन, एका उद्योजकाची हरवलेली माहिती तज्ज्ञांनी परत मिळवून दिली. शेवटी, चहापानाची व्यवस्था शैलजा कमते यांनी पाहिली. मी कात्रण त्यांना दाखवलं. त्यांनी वाचलं. “चहा तर मी केलोच न्हाय,” म्हणाल्या, आणि परत रजिस्टर भरायला लागल्या.

त्या मेळाव्यानंतर त्यांनी पुस्तिका लिहायला घेतली. मराठीत. ज्यानं कधी संगणकाला हात लावला नाही त्यालाही न घाबरता आणि न बिघडवता लिनक्स बसवता आलं पाहिजे, हा हट्ट. लिहिलेलं खऱ्या माणसांवर तपासून बघायच्या. एक दिवस माझ्या बायकोला, सुनंदाला बोलावलं. सुनंदानं तोपर्यंत संगणकावरची धूळ पुसण्यापलीकडं काही केलं नव्हतं. तिला मशीनसमोर बसवलं, हातात पानं दिली आणि स्वतः मागं तोंड मिटून बसल्या. सुनंदा नवव्या पानावर अडली. “‘पुढे जा’ म्हणजे मी नेमकं काय दाबू?” शैलाक्कांनी लगेच ती ओळ खोडली. तीन दुपारी असं चाललं. तिसऱ्या दिवशी सुनंदानं कोणाला काही न विचारता लिनक्स बसवलं. मग घरच्या मशीनवरही तिनं ते स्वतःच्या हातानं नव्यानं बसवलं, आणि दोन दिवस त्याबद्दलच बोलत होती. तिला एवढी खूश मी क्वचितच बघितली आहे.

पुस्तिका चाळीस पानांची झाली. पहिली अकरा पानं बसवण्याची नव्हतीच. आत काय आहे ते लिहून काढा, त्याची प्रत करा, प्रत उघडून बघा, पट्टी काढा, वीज कधी जाते ते बघा, आणि तुम्हाला याची खरंच गरज आहे का ते स्वतःला विचारा. छापण्यासाठी त्यांनी हस्तलिखित आमचे विभागप्रमुख साळवी सर यांच्याकडं दिलं.

साळवी दिसायला रुबाबदार, बोलायला गोड. पुस्तिका छापून आली तेव्हा मुखपृष्ठावर लेखक म्हणून त्यांचं नाव होतं. आत आभारांत ‘प्रयोगशाळेतील कर्मचारी’. आणि पहिली अकरा पानं नव्हती. स्टाफरूममध्ये त्यांनी कारण सांगितलं, “बाईमाणसाचं लिखाण. सगळी भीतीच. वाचणारा पहिल्या पानावरच पळून जाईल.” सगळे हसले. शैलाक्का त्यांच्या केबिनमध्ये गेल्या होत्या एवढं मला माहीत आहे. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय झालं.

“नाव ठेवा म्हणालो तुमचं. पानं घाला म्हणालो.”

“मग?”

“पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले.” मग म्हणाल्या, “तोवर कितीजणांचं जाईल, सर?”

गेलं ते आमचंच. पुढच्या वर्षी मान्यतेसाठी समिती येणार होती. परवाना न घेता बसवलेलं विंडोज मशीनवर दिसू नये, म्हणून साळवींनी आठवडाभरात सगळी मशीनं लिनक्सवर न्यायचं ठरवलं. प्रयोगशाळेची शैलाक्कांनी चार दिवसांत केली. राहिला ऑफिसचा संगणक. विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण, हजेऱ्या, सगळं त्याच्यावर. प्रतींच्या चार फ्लॉपी होत्या. शैलाक्कांनी चारही उघडून बघितल्या आणि एक उघडली नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांची.

शुक्रवारी साळवी माझ्या टेबलाशी उभे राहून बोलत होते. शैलाक्का आल्या आणि त्यांच्या हातात एक कागद दिला. पेन्सिलीनं लिहिलेला. मी तो वाचला, कारण साळवींनी तो माझ्यासमोरच उलगडला होता. चारपैकी एक प्रत उघडत नाही, नवी प्रत करून तपासेपर्यंत ऑफिसच्या मशीनला हात लावू नये, खाली सही. साळवींनी तो घडी करून शर्टाच्या खिशात टाकला. “ठीक आहे, ठीक आहे, बघतो.”

“बघतो न्हाय, सर. सोमवारपर्यंत थांबा. मी सोमवारी करून देतो.”

शनिवारी दुपारी साळवींनी ऑफिसात बसून स्वतःच ते बसवलं. मांडीवर स्वतःच्या नावाची पुस्तिका होती. संपूर्ण डिस्क वापरा. हो. या वेळी वायर काढायला कोणी नव्हतं, आणि शैलाक्का येईपर्यंत जुन्यावर नवं पूर्ण लिहून झालं होतं. सोमवारी शैलाक्का त्या मशीनसमोर संध्याकाळपर्यंत बसून होत्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, “न्हाय.”

शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या सगळ्या अंतर्गत परीक्षा पुन्हा घ्याव्या लागल्या. निकाल अडकला. कागलच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरी ठरलेली एक मुलगी होती, गुणपत्रक वेळेत देता आलं नाही म्हणून तिची जागा गेली. तिचे वडील ऑफिससमोर येऊन बसले होते.

संस्थेनं चौकशी नेमली. प्राचार्यांच्या केबिनमध्ये तीन विश्वस्त, साळवी, शैलाक्का आणि मी. साळवींचं म्हणणं सोपं होतं. प्रती ठेवणं हे सहायकाचं काम. प्रत खराब होती आणि ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

शैलाक्का म्हणाल्या, “लिहून दिलोय मी.”

“त्या कागदाची प्रत आहे?” एका विश्वस्तानं विचारलं.

सगळ्या गोष्टींच्या प्रती ठेवणाऱ्या शैलाक्कांकडं त्या कागदाची प्रत नव्हती.

“न्हाय ठेवलो,” त्या म्हणाल्या. “सर समोर हुते. त्यांनी वाचलाय त्यो.”

आणि हात माझ्याकडं केला.

माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. त्या महिन्यात साळवींची शिफारस जाणार होती. हे सांगतो ते समर्थन म्हणून नाही, फक्त कारण म्हणून. विश्वस्तांनी मला विचारलं. मी म्हणालो, “त्या काहीतरी बोलत होत्या असं आठवतं. कागद मी पाहिला नाही. दिलाही असेल बहुतेक.”

शैलाक्कांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या टेबलाकडं बघत होत्या. पुढं त्यांना आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं त्यांनी दिली. आवाज नेहमीसारखाच मोठा होता.

घरी गेल्यावर सुनंदानं विचारलं, “तुम्ही सांगितलंत ना, कागद बघितला म्हणून?” शुक्रवारीच मी घरी तिला त्या कागदाबद्दल सांगितलेलं होतं. मी काहीतरी गोल गोल बोललो. ती स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर तिनं हा विषय कधी काढला नाही, आणि संगणकाला परत हात लावला तो एकदाच. काही दिवसांनी बघितलं तर तिनं बसवलेलं लिनक्स तिनंच काढून टाकलं होतं. आधी प्रत करून, व्यवस्थित.

शैलाक्कांची बदली संस्थेच्या शाळेत झाली, भांडारात. खडू, डस्टर, उत्तरपत्रिका मोजायच्या. आठ महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. निरोप समारंभ झाला नाही. माझी नोकरी कायम झाली. साळवी उपप्राचार्य होऊन निवृत्त झाले. त्यांच्या सत्कारात मराठीतून लिनक्स शिकवणारे पहिले लेखक म्हणून त्यांचा गौरव करणारं भाषण झालं. ते भाषण मी केलं. चांगलं झालं असं लोक म्हणाले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी विद्यार्थ्यांना कारखाना दाखवायला कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत घेऊन गेलो होतो. दुपारी मुलं जेवत होती म्हणून मी रस्त्यापलीकडं पाय मोकळे करायला गेलो. तिथं एका ओळीत चार गाळे होते. वेल्डिंगचं दुकान, चहाची टपरी, झेरॉक्स, आणि शेवटच्या गाळ्यात संगणक दुरुस्ती. दारात एक बाई कॅबिनेट उघडून जमिनीवर बसल्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. चष्मा लागला होता. शेजारी स्टुलावर कुठल्यातरी कारखान्याचा स्टोअरकीपर हातात कागद घेऊन आकडे वाचत होता, आणि त्या एकेका आकड्याला “हं” म्हणत होत्या.

मी जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं.

“शैलाक्का, मी—”

“वळखलो की, सर.”

जे बोलायचं ते इतक्या वर्षांत मनात शंभरदा बोललो होतो. तिथं मात्र “दुकान चांगलं आहे,” असं काहीतरी म्हणालो.

“चांगलं हाय. कारखान्यांची कामं येत्यात.” त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला. “तुमच्यामुळं न्हाय झालं ह्ये. तिकडून काढलं म्हणून बाई पुढं आली, असं कुणाला सांगू नका. आई गेली त्याच वर्सी. औषधाला कमी पडलं.”

आई गेल्याचं मला माहीत नव्हतं. शाहूपुरी माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे.

“अक्का, मला तुम्हाला सांगायचं होतं. त्या दिवशी मी—”

“त्ये मला कशाला सांगतासा?” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं वाटलं असतं. “मला म्हाईतच हुतं. ज्यांना म्हाईत नव्हतं, त्यांना सांगायचं हुतं.”

स्टोअरकीपर आमच्याकडं बघत होता. त्याला वाटलं असावं मी गिऱ्हाईक आहे, म्हणून त्यानं सरकून स्टुलावर जागा केली. मी बसलो नाही. शैलाक्का पुन्हा कॅबिनेटवर वाकल्या. आतला एखादा बारीक स्क्रू त्यांना दिसत नसावा, कारण मान तिरकी करून, डोळे बारीक करून त्या बघत होत्या.

“सर,” वर न बघता म्हणाल्या, “दारातनं बाजूला व्हा जरा. उजेड अडतोय.”

मी बाजूला झालो. थोडा वेळ भिंतीला टेकून उभा राहिलो. आतून स्टोअरकीपरचा आवाज पुन्हा सुरू झाला, एकेक आकडा, आणि प्रत्येकाला त्यांचं “हं”. मग पलीकडून मुलांनी हाक मारली आणि मी रस्ता ओलांडला.